बालौषधमात्रा

बालौषधमात्रा : आजारी बालकाला एका वेळी किंवा एका दिवसात द्यावयाच्या औषधाच्या प्रमाणास बालौषधमात्रा म्हणतात. हे प्रमाण ठरविताना बालकाचे वय, वजन, शरीराचे पृष्ठफळ, यकृत व मूत्रपिंड यांची परिपक्वता, रोगाचे स्वरूप आणि औषधाचे गुणधर्म विचारात घेतात. लहान मुलांना गोळी गिळता येत नाही, म्हणून त्यांची बहुतेक औषधे पाक (सिरप), निलंबन (सस्पेन्शन) किंवा थेंब या द्रवरूपांत तयार करतात. त्यामुळे बालौषधमात्रेचे गणित दोन टप्प्यांत करावे लागते. बालकाला किती मिलिग्रॅम औषध लागेल, हे पहिल्या टप्प्यात काढतात. ते किती मिलिलिटर द्रवात सामावलेले आहे, हे दुसऱ्यात. पहिला टप्पा मुख्यतः वैद्याचा आणि दुसरा परिचारिकेचा मानला जातो. प्रत्यक्षात दोन्ही टप्पे तपासून पाहण्याची जबाबदारी चमचा बालकाच्या ओठांना लावणाऱ्या व्यक्तीवर येते. या गणिताचा इतिहास पाहिल्यास बालक म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे, हे वैद्यकाच्या ध्यानी कसे आले ते कळते.

प्राचीन भारतीय विचार : आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे अंग बालचिकित्सेला वाहिलेले आहे. सुश्रुतसंहितेत बालकांचे क्षीरप (केवळ दूध पिणारा), क्षीरान्नाद (दूध व अन्न दोन्ही घेणारा) आणि अन्नाद (अन्न खाणारा) असे तीन वर्ग केले आहेत आणि मात्रा या वर्गांशी जोडली आहे. महिन्याहून मोठ्या क्षीरप बालकास बोटाच्या दोन पेरांच्या चिमटीत मावेल एवढे, क्षीरान्नादास बोराच्या आठळीएवढे आणि अन्नादास बोराएवढे औषध द्यावे, असा निर्देश तेथे आहे. अगदी तान्ह्या मुलाचे औषध त्याच्या मातेस किंवा दाईस देण्याचीही पद्धत होती. औषधाचा अंश दुधातून बालकापर्यंत पोहोचतो, हे निरीक्षण त्यामागे दिसते. काश्यपसंहिता हा कौमारभृत्यावरील प्रमुख ग्रंथ होय. नेपाळमध्ये सापडलेल्या हस्तलिखितावरून तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात १९३८ मध्ये मुद्रित झाला. नवजात बालकासाठी वावडिंगाच्या दाण्याएवढी मात्रा घेऊन ती महिन्यागणिक वाढवीत न्यावी, असे त्यात सांगितले आहे. शार्ङ्गधरसंहितेने हेच तत्त्व अधिक काटेकोर केले. पहिल्या महिन्यात एक गुंज, पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत दरमहा एकेक गुंज वाढ, त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत दरवर्षी एकेक मासा वाढ, सत्तरीपर्यंत स्थिर मात्रा आणि पुढे बालकाप्रमाणेच क्रमाक्रमाने घट, असा क्रम तेथे आढळतो. गुंज म्हणजे सु. १२१ मिग्रॅ. होय. हे सर्व नियम वयावर आधारलेले असले, तरी वाढीबरोबर मात्रा बदलते हा मूळ विचार त्यांत स्पष्ट आहे. वृद्धाची मात्रा पुन्हा कमी करावी हे सूत्रही आजच्या औषधविज्ञानाला मान्य आहे.

घरगुती मापे : महाराष्ट्रातील घरांत बाळगुटी देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आलेली आहे. हिरडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मुरडशेंग, अतिविष, बदाम, खारीक इ. पदार्थ सहाणेवर दुधात किंवा पाण्यात उगाळून ती तयार करतात. येथे माप वजनाचे नसून वळशांचे असते. एखाद्या मुळीचे सहाणेवर किती वळसे घ्यावयाचे हे घरातील वडीलधारी स्त्री ठरविते आणि बाळ जसजसे वाढते, तसतसे वळसे वाढविते. सौम्य द्रव्यांच्या बाबतीत हे माप पुरेसे ठरते. तीव्र द्रव्यांच्या बाबतीत मात्र ते घातक होते. कारण मुळीचा कस, सहाणेचा खडबडीतपणा आणि हाताचा जोर यांनुसार वळशागणिक उतरणारे द्रव्य बदलत असते. जायफळाचा किंवा वेखंडाचा एखादा जादा वळसा तान्ह्या बाळाला ग्लानी आणू शकतो.

अफूच्या बाबतीत हा धोका फार स्पष्टपणे दिसून आला. मजुरीला जाणाऱ्या माता मूल शांत झोपावे म्हणून त्यास अफूची ‘बाळागोळी’ देत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्री-कामगारांमध्ये ही प्रथा इतकी रूढ होती, की सरकारी पाहण्यांनाही तिची नोंद घ्यावी लागली. गोळीचा आकार ठरीव नसे आणि नवजात बालकाचे श्वसनकेंद्र अफूला फार लवकर बळी पडते. मातेच्या दारिद्र्यातून आलेल्या या प्रथेत मात्रा म्हणजे केवळ एक अंदाज असे.

पाश्चात्त्य नियम : यूरोपातही दीर्घकाळ बालमात्रा वयावरूनच ठरे. इंग्लंडमधील टॉमस यंग या वैद्य व भौतिकीविज्ञाने १८१३ मध्ये एक सूत्र मांडले. बालकाच्या वयाच्या वर्षांस त्याच संख्येत १२ मिळवून भागावे आणि येणारा अपूर्णांक प्रौढाच्या मात्रेस गुणावा, असे ते सूत्र आहे. काउलिंगच्या नियमात पुढील वाढदिवसाच्या वयास २४ ने भागतात. फ्रीडच्या नियमात महिन्यांतील वयास १५० ने भागतात. हा नियम तान्ह्या मुलांसाठी आहे. क्लार्कच्या नियमात मात्र वय नसून वजन आहे. बालकाचे पौंडांतील वजन प्रौढाच्या गृहीत वजनाने, म्हणजे १५० पौंडांनी (सु. ६८ किग्रॅ.), भागावयाचे असते.

या नियमांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन वर्षे वयाचे, पण केवळ १० किग्रॅ. (२२ पौंड) वजनाचे बालक घेऊ आणि औषधाची प्रौढमात्रा ५०० मिग्रॅ. धरू. यंगच्या नियमाने १००, काउलिंगच्या नियमाने सु. ८३ आणि क्लार्कच्या नियमाने सु. ७३ मिग्रॅ. अशी मात्रा येते. वयाधारित नियमांना बालकाचा अशक्तपणा दिसत नाही. वजनाधारित नियमाला तो दिसतो. तथापि ताप उतरविणाऱ्या पॅरासिटामॉल या औषधाचे आजचे मान्य प्रमाण दर किग्रॅ. वजनास १० ते १५ मिग्रॅ. असे आहे, म्हणजे याच बालकास एका वेळी १०० ते १५० मिग्रॅ. औषध लागते. प्रौढमात्रेचे सरळ तुकडे पाडणारे सर्वच नियम अशा वेळी कमी पडू शकतात. वर्षाहून मोठी मुले अनेक औषधांचा निचरा दर किग्रॅ. वजनामागे प्रौढांपेक्षा जलद करतात, हे त्याचे कारण होय. नवजात बालकांची स्थिती याच्या उलट असते.

ही उलट स्थिती किती गंभीर ठरते, हे १९५९ मध्ये उघड झाले. क्लोरँफिनिकॉल हे प्रतिजैविक अपुऱ्या दिवसांच्या बालकांना वजनाच्या हिशेबाने, पण मोठ्या मात्रेत दिले जात होते. त्यांपैकी काहींचे पोट फुगले, त्वचा राखी पडली, रक्ताभिसरण ढासळले आणि मृत्यू ओढवला. नवजाताच्या यकृतातील या औषधाचे रूपांतर करणारी एंझाइमे अपरिपक्व असल्याने औषध शरीरात साचत गेले, असे अमेरिकन वैद्यांनी दाखविले. या विकाराला ‘करडे बालक लक्षणसमूह’ असे नाव पडले. वजनाचे गणित बिनचूक असूनही उत्तर प्राणघातक ठरू शकते, हा धडा त्यातून मिळाला. तेव्हापासून नवजाताच्या मात्रा स्वतंत्रपणे, जन्मापासूनचे दिवस व गर्भकाल लक्षात घेऊन ठरवू लागले.

पृष्ठफळाची पद्धत : शरीराचा चयापचय वजनापेक्षा त्याच्या पृष्ठफळाशी अधिक जुळतो, या कल्पनेवर आधारलेली पद्धत १९५० मध्ये क्रॉफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालमात्रेसाठी सुचविली. बालकाचे पृष्ठफळ प्रौढाच्या १·७३ चौ. मी. पृष्ठफळाने भागून येणारा अंश प्रौढमात्रेस लावतात. उंची (सेंमी.) व वजन (किग्रॅ.) यांच्या गुणाकारास ३,६०० ने भागून वर्गमूळ काढावे, हे पृष्ठफळाचे सोपे सूत्र मोस्टेलर यांनी १९८७ मध्ये दिले. वरील बालकाची उंची ८५ सेंमी. असल्यास त्याचे पृष्ठफळ सु. ०·४९ चौ. मी. भरते आणि मात्रा प्रौढाच्या सु. २८ टक्के, म्हणजे १४० मिग्रॅ. येते. कर्करोगावरील औषधांसाठी ही पद्धत रूढ आहे. नेहमीच्या औषधांसाठी दर किग्रॅ. वजनाचे प्रमाण हीच सर्वमान्य पद्धत झाली आहे.

मापांचे स्थित्यंतर : मात्रेच्या इतिहासात मापांचाही वाटा मोठा आहे. ब्रिटिश अमदानीतील दवाखान्यांत ग्रेन (सु. ६५ मिग्रॅ.), मिनिम (सु. ०·०६ मिलि.), ड्रॅम आणि औंस ही मापे चालत. थेंबाचा आकार द्रवानुसार व नळीच्या तोंडानुसार बदलत असल्याने १८०९ च्या लंडन औषधिकोशाने थेंबाऐवजी मिनिम हे माप स्वीकारले होते. ग्रेन व ग्रॅम यांच्या संक्षेपांतील साम्यामुळे पंधरापट चूक होण्याचा संभव असे. भारतात १९५६ च्या वजने व मापे अधिनियमानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती लागू झाली. त्याआधी १९५५ मध्ये भारतीय औषधिकोशाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली होती.

दवाखान्यातील कंपाउंडर रुग्णाने घरून आणलेल्या बाटलीत मिश्रण भरून देई आणि बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी, ही आठवण महाराष्ट्रातील जुन्या पिढीत सार्वत्रिक आहे. एक खाच म्हणजे एक मात्रा. निरक्षर मातेलाही ही पट्टी समजे. प्रमाण सोपे करून पोहोचविण्याची ही युक्ती आजही अनुकरणीय आहे. तिचा दोष एवढाच, की बाटली हलविली नाही तर तळाशी बसलेले औषध शेवटच्या खाचांत एकवटे. पट्टी गेली आणि तिची जागा घरच्या चमच्याने घेतली. चहाचा चमचा ५ मिलि.चा समजला जातो. पण घरोघरच्या चमच्यांत प्रत्यक्षात सु. २·५ ते ७ मिलि. द्रव मावतो, असे पाहणीत आढळले आहे. म्हणून मात्रा केवळ मिलिलिटरमध्येच लिहावी आणि ती रेखांकित पिचकारीने किंवा बाटलीसोबतच्या मापानेच द्यावी, असा आग्रह आता धरला जातो.

परिचारिकेचे गणित : महाराष्ट्रात परिचर्या हा सुशिक्षित स्त्रियांचा व्यवसाय व्हावा म्हणून झालेल्या प्रयत्नांत रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाचा उल्लेख करावा लागतो. बालकांसाठीचे मुंबईतील बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ मध्ये सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ मध्ये झाला. परिचर्येच्या अभ्यासक्रमात औषधगणित हा विषय अनिवार्य आहे. त्यातील मूलसूत्र असे : हवी असलेली मात्रा (मिग्रॅ.) भागिले उपलब्ध मात्रा (मिग्रॅ.) गुणिले ती ज्या द्रवात आहे त्याचे आकारमान (मिलि.).

सूत्र सोपे असले, तरी त्यातील ‘उपलब्ध मात्रा’ हे पद फसवे आहे. भारतीय बाजारात पॅरासिटामॉलचे द्रव दर ५ मिलि.स १२० किंवा १२५ मिग्रॅ., दर ५ मिलि.स २५० मिग्रॅ. आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांत दर मिलि.स १०० मिग्रॅ. अशा निरनिराळ्या तीव्रतांत मिळते. ८ किग्रॅ. वजनाच्या बालकास दर किग्रॅ.ला १५ मिग्रॅ. या हिशेबाने १२० मिग्रॅ. औषध द्यावयाचे आहे. पहिल्या पाकाचे (१२० मिग्रॅ.) ते ५ मिलि., दुसऱ्याचे २·४ मिलि. आणि थेंबांचे १·२ मिलि. होईल. ‘एक चमचा द्या’ एवढीच सूचना ऐकून मातेने थेंबांच्या बाटलीतून ५ मिलि. दिल्यास बालकाच्या पोटात ५०० मिग्रॅ. जातील. ही मात्रा चौपटीहून अधिक होय. अशी मात्रा वारंवार दिली गेल्यास यकृतास इजा होते.

दुसरी नेहमीची चूक ‘दर दिवशी’ आणि ‘दर वेळी’ यांच्या घोटाळ्यातून होते. अमॉक्सिसिलीन दर किग्रॅ.ला दिवसाकाठी ४० मिग्रॅ. दोन वेळांत विभागून द्यावयाचे ठरले, तर १० किग्रॅ.च्या बालकास दिवसाचे ४०० व एका वेळेचे २०० मिग्रॅ. होतात. दर ५ मिलि.स १२५ मिग्रॅ. असलेल्या निलंबनाचे ते ८ मिलि. भरतात. विभागणी विसरली गेली, तर मात्रा दुप्पट होते. याखेरीज दशांशचिन्ह पुसट असल्याने २·५ चे २५ होणे, पौंडांतील वजन किग्रॅ. समजणे आणि कोरड्या भुकटीच्या बाटलीत खुणेपेक्षा कमी पाणी घातल्याने औषध तीव्र होणे, हे प्रमादही परिचारिकांना परिचित आहेत. त्यावर उपाय तसे साधे आहेत : वजन त्याच दिवशी करून केसपेपरवर किग्रॅ.मध्ये लिहावे, पूर्णांकापुढे निरर्थक शून्य लिहू नये व अपूर्णांकाआधी शून्य अवश्य लिहावे, हिशेब दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे करून ताडून पाहावा, आणि बालकाची मात्रा प्रौढाच्या मात्रेहून अधिक येत असेल, तर तेथेच थांबावे.

वजनकाटा आणि वऱ्हाड : या गणिताचे सर्वांत कठीण अंग वजन हेच आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. मालेगाव हे त्यातील एक तालुक्याचे ठिकाण असून ते अकोला-वाशिम आणि जुना नागपूर-मुंबई या मार्गांवर वसले आहे. ब्रिटिश काळात हा मुलूख बाशीम या वेगळ्या जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्याचा हा भाग १९०५ मध्ये अकोल्यात विलीन करण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांसाठी आखलेल्या कार्यक्रमात महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद यांच्यासह वाशिमचा समावेश केला. आरोग्य व पोषण हे त्या कार्यक्रमाचे एक प्रमुख अंग आहे. शेतमजुरीवर जगणाऱ्या अशा भागात वय आणि वजन यांची फारकत नेहमी आढळते. वजनकाटा नसताना ‘वयात ४ मिळवून दुप्पट करा’ या ठोकताळ्याने तीन वर्षांच्या मुलाचे वजन १४ किग्रॅ. येते. ते मूल प्रत्यक्षात १० किग्रॅ.चे असेल, तर त्यास ४० टक्के अधिक औषध मिळेल. कुपोषित बालकाचे यकृत आधीच दुर्बल असते, म्हणजे ज्याला जादा मात्रा सोसवत नाही, नेमके त्यालाच ती मिळते. सुपोषित समाजासाठी रचलेला नियम दरिद्री समाजात कसा अन्यायकारक ठरतो, याचे हे उदाहरण होय.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीत वजनकाटा व वाढीचा तक्ता आणला. त्यांचा हेतू कुपोषण ओळखणे हा होता. परंतु त्यामुळे खेड्यातील प्रत्येक बालकाचे वजन कोठेतरी लिहिलेले मिळू लागले, हा मात्रेच्या दृष्टीने मोठाच लाभ होय. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्त्यांकडून बालकांच्या न्यूमोनियावर को-ट्रायमोक्झॅझोलच्या पाकाने उपचार करविले. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या दायांना अंक मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी श्वासगती मोजण्याचे मण्यांचे साधन बनविण्यात आले. नवजात बालकांच्या घरगुती काळजीविषयीचा या संस्थेचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बालकाचे वजन करणे हे कार्यकर्तीच्या नित्यकर्माचा भाग होते. योग्य साधन व शिक्षण दिल्यास अल्पशिक्षित स्त्रीही अचूक मात्रा देऊ शकते, हे या कार्याने दाखवून दिले. २००५ पासून नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात त्याचा पुढे उपयोग झाला.

वजनपट्टे : खेडोपाडी प्रत्येक वेळी भागाकार करणे अवघड असल्याने वजनाचे पट्टे पाडून मात्रा ठरविण्याची पद्धत रूढ झाली. क्षयरोगाच्या दैनिक उपचारात बालकांच्या पाण्यात विरघळणाऱ्या संयुक्त गोळ्या ४ ते ७ किग्रॅ.ला एक, ८ ते ११ किग्रॅ.ला दोन, १२ ते १५ किग्रॅ.ला तीन आणि १६ ते २४ किग्रॅ.ला चार अशा दिल्या जातात. अतिसारात काही प्रमाणात शोष पडलेल्या बालकास जलसंजीवनी दर किग्रॅ.ला ७५ मिलि. या प्रमाणात चार तासांत पाजतात. जेथे औषधाची सुरक्षित मर्यादा रुंद असते, तेथे वयावरून दिलेली ठरीव मात्राही चालते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना लोह-फॉलिक अम्लाचा १ मिलि. पाक आठवड्यातून दोनदा देतात. जीवनसत्त्व अ चा पहिला डोस नवव्या महिन्यात १ मिलि. आणि नंतरचे २ मिलि. असतात.

ठरीव मात्रेतही मापाचे महत्त्व कमी होत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये आसामातील जीवनसत्त्व अ च्या मोहिमेत नेहमीच्या २ मिलि.च्या चमच्याऐवजी ५ मिलि.चे माप वापरात आले. अनेक बालके आजारी पडली, काही मृत्यूंची नोंद झाली आणि त्यांच्या कारणांविषयी मोठा वाद झाला. मापाचे भांडे बदलले की मात्रा बदलू शकते, ही गोष्ट कार्यकर्त्यांना बजावून सांगावी लागते, हे या घटनेने दाखविले. ३१ जानेवारी २०२१ रोजी वाशिमलगतच्या यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुण्याच्या जंतुनाशकाचे थेंब पाजले गेले. सुदैवाने ती बालके बचावली. मात्रेच्या आधी बाटलीवरील नाव वाचावे, हा परिचर्येचा पहिला नियम तेथे मोडला गेला होता.

समारोप : चिमटीपासून गुंजेपर्यंत, वळशापासून खाचेपर्यंत आणि चमच्यापासून रेखांकित पिचकारीपर्यंतचा हा प्रवास बालकाला अधिक नेमकेपणाने ओळखण्याचा प्रवास आहे. प्राचीन वैद्याने वय पाहिले, एकोणिसाव्या शतकाने अपूर्णांक मांडला, विसाव्या शतकाने वजन, पृष्ठफळ आणि यकृताची परिपक्वता लक्षात घेतली. सूत्रे आता परिपूर्ण म्हणावीत इतकी सोपी झाली आहेत. त्यांचे यश मात्र तीन साध्या गोष्टींवर अवलंबून असते : मूल प्रत्यक्ष काट्यावर ठेवणे, बाटलीवरील तीव्रता वाचणे आणि आईला किती मिलिलिटर ते पिचकारीवर बोट ठेवून दाखविणे. मालेगावसारख्या ठिकाणच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात या तिन्ही गोष्टींना मिळून दोन मिनिटेही लागत नाहीत. ती दोन मिनिटे वाचविण्याची किंमत मात्र त्या बालकालाच मोजावी लागते.